सतरा नंबरचं शैवाल

७ जानेवारी २०२५, मंगळवार

जुळत नाही! सतरा नंबर कशाशीच जुळत नाही!

सकाळी लॅबमध्ये चहा घेत होते तेवढ्यात मेल आला. अठ्ठावीस नमुन्यांचा डीएनए हैदराबादहून वाचून आलाय. सत्तावीस निमूट आपापल्या जागी जाऊन बसले. सतराला मात्र जवळचं कुणीच नाही. तेराशे अक्षरांपैकी एकाहत्तर वेगळी! एका जातीच्या दोन झाडांत पाच-सहा अक्षरांचा फरक निघाला तरी आम्ही दोनदा तपासतो — आणि इथं एकाहत्तर!

दिसायला बिचारं अगदी साधं. विटकरी लाल, शिजलेल्या शेवयांच्या गुंत्यासारखं, वीतभर. रत्नागिरीच्या खाली एका खाडीच्या तोंडाशी खडक आहे, गेल्या हिवाळ्यात तिथून मीच आणलं. मीच त्यावर ‘ग्रासिलारिया’ असं लेबल लावलं. ज्याच्यापासून जेलीचं आगर करतात ते लाल शैवाल. किनाऱ्यावर ढिगानं सापडतं. शंका तरी का यावी?

मल्हारनं तर टेबलावर तालच धरला. (लॅबमधला माझा जोडीदार. रहिमतपूरचा. गप्प बसला तर आजारी समजावं.)

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी सुमंत सरांच्या आणि माझ्या नावानं लेख छापून आलाय. त्यात त्याच खडकावरच्या ह्याच शैवालाला आम्ही जुन्या, माहितीतल्या जातीत टाकलंय. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं आहे. सतरा वेगळं निघालं तर मी चुकले. तेही छापील!

तरी आनंदच जास्त होतोय. वेडीच आहे मी.

८ जानेवारी

सुमंत सर माझे गाईड. माझं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, “भेसळ झाली असेल. परत कर.” संपलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

परत केलं. नवा तुकडा, नव्या नळ्या, हातमोजे तीनदा बदलले. संक्रांतीला घरीसुद्धा गेले नाही. ह्या वेळी दुसरं एक जनुकही वाचून घेतलं.

दोन्ही जनुकं तेच सांगतात. सतरा वेगळं आहे!!

कागद घेऊन धावतच सरांकडे. सरांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. “उत्कर्षा, नुसती अक्षरं वेगळी आली म्हणून जात वेगळी होत नाही. मला झाडात फरक दाखव. मादी आण, नर आण. मग बोलू.” आणि मी दाराशी पोचल्यावर — “मी जुलैत निवृत्त होतोय. त्याआधी तुझा प्रबंध जायला हवा. हे लक्षात असू दे.”

राग आला. पण सरांचं खरं आहे, म्हणून जास्तच राग आला.

ह्या शैवालात नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या अंगावर मोहरीएवढ्या पुळ्या येतात, ती तिची फळं. पुळी मधोमध कापून आत बघितली की कूळ कळतं. नराच्या अंगावर सूक्ष्म खळगे असतात, त्यांच्या खोलीवरूनही कळतं. पण तिसरीही झाडं असतात — ना नर, ना मादी, नुसतीच वाढणारी. माझ्याकडचं सतराचं प्रत्येक झाड तिसऱ्यातलं. एकूण एक!

२१ जानेवारी

आज जे सापडलं ते आधी लिहून ठेवते.

कॉलेजच्या वनस्पती-संग्रहातली जुनी कपाटं उघडून घेतली. त्याच खडकावरून पूर्वी कुणी काही आणलं होतं का, एवढंच बघायचं होतं. दोन तास नुसती धूळ आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि मग एक जाड कागद, त्यावर चापून वाळवलेलं शैवाल. रंग उडून चहासारखा झालेला. पण ठेवण — फांद्या फुटायची ती तऱ्हा — हुबेहूब सतरा! तोच खडक, तीच खाडी. तारीख ११ फेब्रुवारी १९७६. जातीचं नाव शाईनं लिहिलंय, तेच जुनं नाव. त्याच्याखाली पेन्सिलीनं, बारीक बायकी अक्षरात —

‘मला हे वेगळं वाटतं. गो. का.’

एकोणपन्नास वर्षांपूर्वी! माझ्याआधी कुणीतरी त्याच खडकावर ओणवं होऊन हेच म्हणालं होतं!

कोण ही गो. का.?

२३ जानेवारी

जोतिबामामा भेटले. चाळीस वर्षं आमच्या विभागात शिपाई होते, अजून चक्कर मारून जातात. अक्षर दाखवलं तर चष्म्याशिवाय ओळखलं. “आवं, ह्या काळेबाई! गोदावरी काळे. मी नवा लागलो तवा हितंच काम करायच्या. परीक्षा न देता गेल्या. पुढं सांगलीत शाळंत बाई झाल्या.”

“हयात आहेत?”

“हाईत की! माझ्या मेव्हणीच्या पोरीला त्यांनीच शिकवलं. विश्रामबागेत ऱ्हात्यात.”

२ फेब्रुवारी, रविवार

सांगलीहून आत्ताच परतले. सगळं लिहून काढते, नाहीतर निसटेल.

सकाळच्या एसटीनं गेले. वाटभर मनात भाषण जुळवत होते. एक हुशार मुलगी, तिचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, तिच्यावर अन्याय झाला, आता मी तो दूर करणार! अशी सगळी हवा.

पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. बाईंनी स्वतः दार उघडलं. त्र्याहत्तर वर्षांच्या, बारीक, ताठ, हातात काठी. गुडघ्यांनी दगा दिलाय म्हणाल्या. मी कागदाचा फोटो पुढे केला. त्या किती तरी वेळ बघत राहिल्या.

“हे अजून ठेवलंय त्यांनी?”

मी माझं भाषण सुरू केलं. तुमच्या सरांनी तुमचं ऐकलं नाही, तुमच्यावर अन्याय —

“कुणी सांगितलं तुला?” एकदम शाळेतला आवाज! “अगं, सर म्हणाले, मादी दाखवा. मी तीन हिवाळे शोधली. नर मिळाला, मादी नाही मिळाली. फळ बघितल्याशिवाय नवी जात कशी म्हणायची? त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.”

“मग सोडून का दिलंत?”

“हरले म्हणून. नाव देता येईना, आणि जुनं नाव लिहायला मन घेईना. तिसऱ्या वर्षी नोकरी आली, घेतली. शाळेत एकतीस वर्षं रमले हो मी. पण पहिलं वर्षभर रडले, ते काही खोटं नाही.”

भडंग दिलं, चहा दिला. मग आतून एक वही आणली. काळ्या शाईतली चित्रं! नराचे खळगे, एकेक पेशी मोजून काढलेली. उथळ बशीसारखे नाहीत, सुगडासारखे खोल. आजच्या कॅमेऱ्यानंही इतकं स्वच्छ येत नाही. मी वहीला हात लावायला धजेना.

मी माझी एकाहत्तर अक्षरं दाखवली. त्यांना डीएनएचं सगळं समजावून सांगायला लागलं नाही. निवृत्तीनंतर वाचत असतात. बोट ठेवून एकेक अक्षर बघत गेल्या. कान लाल झाले त्यांचे!

मग वर बघून विचारलं, “तुला मादी मिळाली?”

“नाही.”

“मग इथं काय करतेयस?”

निघताना जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, “मी उघड्या खडकावर शोधत राहिले. पुढं कितीतरी वर्षांनी भांडी घासताना सुचलं — फळ धरलेल्या झाडाला ऊन सोसत नसेल. खडकाच्या पोटात, जमिनीकडच्या अंगाला बघायला हवं होतं. पण मग शाळा, सासूबाईंचं आजारपण, मग हे गुडघे. राहिलं ते राहिलंच.”

३ फेब्रुवारी

‘मग इथं काय करतेयस?’ — दिवसभर डोक्यात तेच. खरंच की!

९ फेब्रुवारी, रविवार

घरी आलेय. वडूजच्या पुढं आमची वस्ती. ज्वारी काढणीला आलीय. आई विळा पाजळतच म्हणाली, “परत दर्याला? आगं, बुडशील बिडशील. ह्यास्नी घिऊन जा संगं.”

आबा बाजेवर बसलेले. माझे वडील, नानासो म्हणून वस्तीत ओळखतात. तरणेपणी पंधरा हिवाळे मेंढरं घेऊन कोकणात उतरलेत. आता पंचवीस मेंढरं राहिली आणि बाकी शेती.

“आबा, पंधरा वर्षं गेलात, कधी समुद्रात पाय घातलात?”

“न्हाई बा. लांबनं बघितला. मेंढरं खारं पानी पीत न्हाईत, मग कशाला जायाचं तिकडं?” थोडं थांबून — “तू काय हुडकतीस त्यात?”

सांगितलं. एकसारखी दिसणारी झाडं, आतून वेगळी. आबा हसले. “लोकास्नी माझी मेंढरं बी एकसारखीच दिसत्यात.”

येतो म्हणालेत!

१२ फेब्रुवारी

सरांशी खटका उडाला.

छापलेल्या लेखाची दुरुस्ती लिहून नेली होती. ‘त्या खडकावरच्या नमुन्यांना आम्ही दिलेलं नाव संशयास्पद आहे.’ दोनच ओळी. सर म्हणाले, “प्रबंध जुन्या नावानंच सादर कर. पदवी घे. दुरुस्ती मागाहून करता येते.”

मी म्हटलं, “सर, माहीत असून चुकीचं नाव लिहू?”

“माहीत कुठंय? मादी आहे तुझ्याकडे?”

परत तेच! सगळ्यांना मादी हवी!

मी म्हटलं, जुन्या नावानं प्रबंध देणार नाही. सरांना पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अमावास्येची ओहोटी कधी आहे?”

“दोन मार्चला चांगली आहे. सकाळी सात.”

“जा. पण रिकाम्या हातानं आलीस तर माझं ऐकायचं.”

२ मार्च, रविवार

मिळाली!!! मिळाली मिळाली मिळाली!

हात धुतलेत तरी पानाला खारट वास लागतोय. लागू दे.

फटफटायला खडकावर पोचलो. मी, मल्हार आणि आबा. आबांनी धोतर खोचलेलं, डोक्याला मुंडासं. पाणी मागं सरकत चाललेलं, खडक उघडे पडत होते. आबा आधी लांबच थांबले. मग चपला काढून काठावर ठेवल्या, वाकून पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत उतरले.

तास गेला. उघड्यावर जिकडं तिकडं सतरा, पण सगळी तिसऱ्यातली. मल्हारनं नर शोधला — निदान तसं वाटलं, फिकट रंगाचा. बाईंचं म्हणणं मी विसरले नव्हते, पण खडकाचं पोट म्हणजे अंधारी कपार, कालवांच्या कवचांनी भरलेली. आत डोकं शिरेना. मोबाईलच्या उजेडात चिखलाशिवाय काही दिसेना. आणि पाणी परतायची वेळ होत आलेली! रिकाम्या हातानं गेले तर सरांचं ऐकायचं, म्हणजे जुनं नाव.

आबा म्हणाले, “बाजूला हो, मला बघू दे.” खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटलेले. हातानंच चाचपत होते. अडलेल्या मेंढीपाशी बसलेले आबा असेच दिसतात. बोटं कापली, रक्त आलं, तरी हात काढला नाही.

“हितं हाय काय तरी. तुझ्या शेवयाच हाईत, पन ह्यास्नी दानं हाईत अंगावर.”

“दाणे?!”

“बारीक. मोहरीवानी.” आणि एकदम डोळे उघडून — “गाभण हाय का काय ही?”

मी किंचाळलेच! मल्हार घसरून पाण्यात बसला! आबांनी मूठ बाहेर काढली, आणि त्यांच्या तळहातावर, रक्तात नि चिखलात, लाल शेवया आणि त्यावर दाणेच दाणे. अगदी खच्चून भरलेली मादी. मी आबांना मिठी मारली. आठवतंय तसं पहिल्यांदाच. ते म्हणत होते, “आगं सोड, सांडंल. सांडंल ते!”

अकरा झाडं मिळाली. सगळी कपारीत, जमिनीकडच्या अंगाला.

मी तिथनंच बाईंना फोन लावला. लाटांच्या आवाजात मला त्यांचं काही ऐकू येईना. त्यांना बहुतेक लाटाच ऐकू येत होत्या. त्यांनी फोन ठेवला नाही.

५ मार्च

पुळी मधोमध कापली. दाढीच्या पात्यानं, श्वास धरून. सव्वीस काप वाया गेले, सत्ताविसावा बरोब्बर बसला.

ग्रासिलारियाच्या फळात गाभ्यापासून सालीपर्यंत बारीक नळ्या गेलेल्या असतात, चौफेर. सतरामध्ये त्या फक्त तळाशी! वरचा भाग रिकामा, स्वच्छ! आणि मल्हारचा नर खरंच नर निघाला. खळगे खोल. बाईंच्या चित्राशेजारी फोटो ठेवला, एकावर एक ठेवल्यासारखे जुळतात.

जनुक तेच म्हणतं, रूप तेच म्हणतं. दोन साक्षीदार आणि एकच जबानी!

६ मार्च

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते दहा मिनिटं उठलेच नाहीत. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, “पंचवीस वर्षं त्या खडकावर मुलांच्या सहली नेल्या मी. दर वर्षी ह्याच्यावर पाय देऊन जात होतो.” दुरुस्तीच्या कागदावर सही केली. माझ्या नावाच्या आधी स्वतःचं नाव लिहिलं. चूक छापताना माझं नाव आधी होतं. डोळे भरून आले माझे.

एक जास्तीची सहीही मिळवली. १९७६ च्या कागदावरून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायची परवानगी. इतक्या जुन्या वाळक्या तुकड्यातून डीएनए निघेलच असं नाही. पण निघाला तर बाईंचं शैवाल आणि माझं सतरा एकच, हे ठणकावून सांगता येईल. सर म्हणाले, “सोपस्कार म्हणून कर. उत्तर तर दिसतंच आहे.”

९ मार्च, रविवार

सांगली. आबांनाही नेलं. बाईंनी भिंग लावून मादी बघितली. काठी बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी बशी धरून. मग आबांच्या बोटांवरच्या पट्ट्या बघून म्हणाल्या, “फार लागलं का हो?”

“न्हाई वो बाई. मेंढी व्यायताना यापरीस जास्त लागतंय.”

मी सांगितलं, नव्या जातीला तुमचं नाव देणार. बाई हसत सुटल्या. “नदीचं नाव समुद्राच्या झाडाला! आणि मला तर मादी सापडलीच नाही. ह्यांचं नाव दे.” आबा घाबरले. “नको नको! वस्तीत तोंड दाखवाय न्हाई यायचं.”

शेवटी बाई म्हणाल्या, दे बाई, तुला वाटतंय तर दे. चेहरा मात्र दिव्यासारखा उजळलेला!

१९ मार्च

वर्णनाचा कच्चा मसुदा झाला. नावाच्या जागी ‘गोदावरी’ लिहिलं आणि दहा वेळा वाचलं.

२६ मार्च

जुन्या तुकड्यातून डीएनए निघाला! थोडाच, दोनशे दहा अक्षरांपुरता, पण निघाला! वाचायला पाठवलाय.

४ एप्रिल, शुक्रवार

जुन्या तुकड्याचा निकाल आला. सतराशी जुळत नाही. दोनशे दहात एकोणीस अक्षरं वेगळी. कशाशीच जुळत नाही. दोनदा तपासलं, सरांनी तिसऱ्यांदा. खळगे तेच, ठेवण तीच, पण जात ना जुनी, ना सतराची, तिसरीच. बाईंनी जे वेगळं म्हटलं होतं ते आम्हाला सापडलेलंच नाही.

सांगलीला फोन केला. सगळं सांगितलं. बाईंनी एकोणीसचा आकडा दोनदा विचारून घेतला.

मग म्हणाल्या, “म्हणजे माझं अजून तिथंच कुठंतरी असेल. पुढची ओहोटी कधी आहे गं? ह्या खेपेला मी येणार. तुझ्या वडिलांना विचार, मला धरून नेतील का.”